माळवदावरची माती

धाब्याचे घर, माळवदाचे घर म्हटले म्हणजे मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या मंडळींना वेगळे काही सांगावे लागत नाही. पण ज्यांचे आयुष्य कौलाखाली गेले, त्यांच्यासाठी चार शब्द सांगून पुढे जाऊ. माळवदाला उतार नसतो. दगडी उथळ्यांवर लाकडी खांब उभे करायचे, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या जोडून घ्यायच्या, आणि त्यावर मातीचा जाड थर अंथरून, पाणी मारून, चोपून घट्ट करायचा. झाले छप्पर. माती मात्र कुठलीही चालत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. म्हणून गावठाणातली पांढरी माती आणायची. खांबाखांबांमधल्या जागेला खण म्हणायचे आणि घराची ऐपत खणांत मोजायची. सोयरीक जमवताना "किती खणांचं घर आहे हो?" हा प्रश्न हमखास निघे.

या घराला नावे ठेवण्याचा विचार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाऊस बेताचा, ऊन कडक, चांगले लाकूड महाग आणि दगड मात्र शेतातून वेचून बांधावर टाकावा इतका, अशा मुलखाने पिढ्यान् पिढ्या अनुभव घेऊन बसवलेले हे घर आहे. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असताना आत गारवा असतो. माळवदावर धान्य वाळते, रात्री माणसे निजतात. तीन-तीन फुटांच्या भिंतीला भोक पाडायचे म्हणजे चोराला सबंध रात्र पुरत नाही. हे सारे खरे. पण या घराच्या अंगात दोन दुखणी होती, आणि दोन्ही एकदम आलेली नव्हती. वर्षावर्षाने, थराथराने वाढलेली होती. त्यांचीच हकीकत आज सांगायची आहे.

पहिले दुखणे मातीचे. पावसाळ्यात माळवद कुठेतरी गळते. मग घरधनी काय करतो? पुढल्या उन्हाळ्यात, मिरग निघण्याआधी, पांढरीची गाडीभर माती आणतो आणि वर पसरतो. जुनी माती काढून नवी घालायची म्हणजे दुप्पट काम, वर फळ्या उघड्या पडायच्या, तेवढ्यात वळवाचा पाऊस आला तर सगळा संसार भिजायचा. म्हणून जुनी तशीच राहते आणि नवी तिच्या उरावर बसते. गळती थांबते. घरधन्याने केले त्यात त्या दिवसापुरते काहीच चुकीचे नाही, ही यातली खरी मेख आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात फळ्यावर करून पाहावे. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद असे माळवद धरा. त्यावर एक इंच माती टाकली तर ती साधारण सव्वाआठ घनफूट होते. घट्ट चोपलेल्या मातीचा एक घनफूट धरला सुमारे ४५ किलोंचा, तर एका इंचाचे वजन झाले पावणेचार क्विंटल. ज्वारीची जवळजवळ चार पोती! दहा वर्षे दर साल इंचभर माती चढली, तर चाळीस पोती तुमच्या डोक्यावर येऊन बसली, आणि घरातल्या कुणाला त्याचा पत्ता नाही. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतल्या जुन्या घरांवर एक फुटापासून दोन-अडीच फुटांपर्यंत मातीचे थर आढळले. दोन फूट थर म्हणजे आपल्या या दहा-बाय-दहाच्या खोलीवर नऊ टन. भरलेली मालट्रक छपरावर चढवून खाली पोरांना निजवावे, तसलाच हा प्रकार.

दुसरे दुखणे भिंतीचे, आणि ते अधिक आतले. तीन-चार फूट जाडीची दगडी भिंत बाहेरून किल्ल्यासारखी दिसते. पण ती एक भिंत नसतेच मुळी. गवंडी बाहेरच्या अंगाला एक रांग रचतो, आतल्या अंगाला दुसरी रचतो, दोन्ही मातीच्या गाऱ्यात, आणि मधली पोकळी दगडगोटे, कपच्या, माती यांनी भरून काढतो. म्हणजे झाल्या दोन पातळ भिंती, आणि मध्ये भरताड. या दोघींना एकमेकींशी बांधून ठेवायला एकच उपाय असतो: अधूनमधून भिंतीच्या जाडीइतका लांब दगड आडवा घालायचा, एक तोंड बाहेर आणि एक तोंड आत. वाकळेचे दोन पदर जसे दोऱ्याच्या टाक्यांनी एक होतात, तसा हा दगडाचा टाका. टाके न घालता चिंध्या भरलेली वाकळ किती दिवस टिकेल, ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा.

हा आरपार दगड घालावा, ही गोष्ट दगडकामात नवी नव्हती. पण शेतातला दगड बहुधा गोलसर. तीन फुटांचा लांब दगड खाणीतून काढायचा, घडवायचा, दोघा-तिघांनी उचलून चढवायचा, म्हणजे दिवस मोडला. शिवाय भिंत उभी राहिल्यावर तो असला काय आणि नसला काय, वरून कुणाला कळत नाही. दर्शनी बाजूच्या चिऱ्यांवर टाकी फिरवायला घरधनी खुशीने पैसे देई. जे दिसत नाही त्याची मजुरी द्यायला कोण तयार होणार? तेव्हा आरपार दगड गळत गेले आणि भरताड वाढत गेले.

अशी भिंत आपण होऊन खूण देते, हे गावातल्या माणसाला ठाऊक असते. ती पोट काढते. मध्यावर फुगते, चुना-मातीचा गिलावा सुटतो, कोपऱ्यात उभी भेग दिसू लागते. पायलीत धान्य मोजताना माप जरा हलवले की दाणे खाली बसतात आणि बाजूला दाबतात, तसेच भिंतीतले भरताड वर्षानुवर्षे खाली बसते आणि दोन्ही अंगांना बाहेर लोटते. मग कुणी लाकडाचा टेकू लावतो, कुणी बाहेरून आणखी दगड रचून भिंत जाड करतो. जाड म्हणजे मजबूत, हा समज इतका पक्का की त्याच्यापुढे शहाणपण चालत नाही. खरे पाहता जमीन हलली म्हणजे जितके वजन अधिक तितका हिसका अधिक. बैलगाडी रिकामी असताना खड्ड्यातून गेली तर साटा वाजतो. भरलेली गेली तर आस मोडतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सांगणारे लोक आधी कुठे गेले होते? होते की! आपल्याच देशाच्या इतिहासात होते. फाळणीपूर्वीच्या हिंदुस्थानात, बलुचिस्तानात माच म्हणून ठिकाण आहे, तिथे १९३१ च्या ऑगस्टात भूकंप झाला. रेल्वेत एस. एल. कुमार नावाचे अभियंता होते. त्यांनी त्या पडलेल्या भिंती नीट पाहिल्या आणि क्वेट्ट्यात रेल्वेच्या नोकरांसाठी नवी घरे बांधताना विटांच्या भिंतींत रेल्वेचे जुने रूळ गुंफून सांगाडा केला. भंगारातले लोखंड ते, पण घराला धरून ठेवणारे. १९३३ साली त्यांनी या विषयावर निबंधही लिहिला. पुढे ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले. हजारो माणसे मातीखाली गेली. त्या पडझडीत कुमारांची घरे उभी राहिली. मग सरकारने शहर पुन्हा बांधताना भिंतींतून लोखंडी सळ्या आणि काँक्रीटचे आडवे पट्टे घालायला लावले. त्याच्याही आधी, १८९७ सालच्या मोठ्या भूकंपानंतर आसामातल्या लोकांनी जड बांधकाम सोडून लाकडी चौकटीची, वेत-कुडाची हलकी घरे पत्करली होती. म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही. ते क्वेट्ट्याला होते, शिलाँगला होते. किल्लारीच्या गवंड्यापर्यंत पोचले नव्हते.

आणि महाराष्ट्राच्या दारात इशारा आला तो कोयनेत. धरणात पाणी साठू लागल्यावर १९६३ पासून तिथे बारीकसारीक धक्के जाणवू लागले. लोकांना त्यांची सवय झाली. भांडी वाजली तर "आली बघा" म्हणून माणसे पुन्हा कामाला लागत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा धक्का बसला. सुमारे १८० माणसे गेली. तिथेही मातीच्या गाऱ्यातल्या दगडी भिंतींनी अधिक घात केला. गंमत म्हणावी की दैव म्हणावे, भूकंपात टिकणारी घरे कशी बांधावीत हे सांगणारे भारतीय मानक त्याच १९६७ साली निघाले होते. पुढे १९७० साली देशाचा भूकंपाचा नकाशा नव्याने काढला. कोयनेचा भाग बराच धोक्याच्या, म्हणजे चौथ्या पट्ट्यात घातला गेला. तिथून पूर्वेला तीनशे किलोमीटरवरचे किल्लारी मात्र पहिल्या पट्ट्यात राहिले. पहिला पट्टा म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा. "कमी धोका" याचे लोकांच्या तोंडी, आणि कागद हाताळणाऱ्यांच्याही मनात, "धोका नाही" असे केव्हा होऊन बसते, ते कळतही नाही.

मग १९९२ साल उजाडले. त्या वर्षीच्या पावसाळ्यापासून किल्लारी परिसरात जमिनीतून आवाज येऊ लागले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धक्के वाढले. काही घरांना तडे गेले. माणसे घाबरली, कित्येक जण अंगणात निजू लागले. पुढे धक्के विरळ झाले, थंडी आली, पेरण्या होत्या, लग्ने होती. माणूस किती दिवस उघड्यावर काढणार? हळूहळू अंथरुणे पुन्हा आत गेली.

इथे थोडे थांबून विचार करावा असे आहे. ऑक्टोबर १९९२ ते सप्टेंबर १९९३ हे जवळजवळ अकरा महिने होतात. त्यात एक उन्हाळा येऊन गेला. माळवदावर माती टाकण्याचा हंगाम तोच. त्या उन्हाळ्यात कुणी सांगणारा गावोगाव फिरला असता, "यंदा माती टाकू नका, उलट निम्मी उतरवा, पोट काढलेली भिंत उतरवून घ्या," तर? ऐकले असते की नसते, कोण जाणे. पण सारा दोष घरधन्याच्या माथी मारायला मी तयार नाही. इशारा देणाऱ्याची जबाबदारी त्याने तो समजेल अशा भाषेत, समजेल त्या माणसाला देण्यापर्यंत असते. नकाशातल्या पट्ट्याचा आकडा हा काही गवंड्याला समजणारा इशारा नव्हे.

गणपती बोळवून रात्री माणसे दमून निजली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. भूकंपाचे मान ६.२ च्या आसपास. जगाच्या मानाने हा मध्यम भूकंप. अशा भूकंपात जपानसारख्या देशात घरे तडकतात, थोडी माणसे दगावतात. इथे सुमारे ८,००० माणसे गेली आणि त्याच्या दुप्पट जखमी झाली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी ही नावे त्या आठवड्यात देशभर झाली. भिंतींचे दोन पदर सुटले, एक आत पडला, एक बाहेर. वरची माती कोसळून उरलीसुरली हवाही तिने बंद केली. ढिगाऱ्यातून जिवंत माणूस काढायचा तर दगडांखाली दगड आणि त्याखाली पांढरी माती, धुळीसारखी मऊ, जितकी उपसावी तितकी पुन्हा ओघळणारी. पुष्कळांना दगडाचा मार कमी लागला होता. ती माणसे गुदमरून गेली.

काही घरांत एक विलक्षण दृश्य दिसले. भिंती चारी बाजूंनी गेलेल्या, पण लाकडी खांब, तुळया आणि वरचे छप्पर थोडे कलते होऊन तसेच उभे. जुन्या सुतारांनी खाचा-कुसू बसवून केलेला सांगाडा हिसक्याबरोबर डोलला आणि टिकला. घात केला तो बाजूच्या दगडी भिंतींनी. आणखी एक गोष्ट पाहणाऱ्यांच्या ध्यानात आली. गावकुसाबाहेर, कडेला, कुडाच्या आणि गवताने शाकारलेल्या खोपटांत राहणारी गरीब माणसे पुष्कळ वाचली. ज्यांना दगडाचे घर बांधायची ऐपत नव्हती, ज्यांना गावाने आत जागा दिली नव्हती, त्यांच्या अंगावर पडायला काही जडच नव्हते. नऊ खणांच्या वाड्यांत मात्र घरेच्या घरे बुजली. इतिहास असे हिशेब कधीकधी मांडतो. त्यातून समाधान मानावे असे त्यात काही नाही.

प्राचीन बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचा पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा कायदा दगडावर कोरलेला आहे. घर पडून त्याखाली मालक मेला, तर बांधणाऱ्याचा प्राण घ्यावा, असे त्यात फर्मान आहे. किल्लारीला हा कायदा लावायचा तर कुणाला लावणार? गवंडी गावातला, तोही त्याच ढिगाऱ्याखाली. माती टाकणारा घरधनी, तोही तिथेच. आणि पहिला थर तर त्याच्या पणजाने टाकलेला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळांना ठाऊक आहे. जागतिक बँकेच्या कर्जाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला गेला. बावन्न गावे नव्या जागी वसवली. जिथे घरे पूर्ण पडली नव्हती तिथे दुरुस्ती आणि बळकटी करावी असे ठरले. त्याची रीत सोपी होती. माळवदावरची माती कमी करून सहा-आठ इंचांवर आणावी, खाली पाणी न झिरपणारा जाड प्लॅस्टिकचा कागद घालावा. जुन्या भिंतीत जागोजाग आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली सळई आणि काँक्रीट भरावे, म्हणजे नसलेला आरपार दगड आता घालता येतो. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे लाकूड ठोकावे. पण लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. मिळालेल्या पैशांतून बऱ्याच जणांनी जुन्या घराला बळकटी देण्याऐवजी शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली उभी केली. दगडाचे भय बसले. दगड बांधायच्या रीतीचे भय बसायला हवे होते. दगडी भिंत फार तर दीड फूट जाडीची ठेवावी, दर दोन फूट उंचीला आणि चार-चार फुटांच्या आत आरपार दगड घालावा, हे नियम त्याच १९९३ साली निघालेल्या मानकात स्पष्ट दिलेले आहेत. तसा बांधला तर दगड वाईट नाही. २००२ साली देशाचा नकाशाही बदलला. पहिला पट्टा काढूनच टाकला आणि किल्लारीचा मुलूख तिसऱ्या पट्ट्यात गेला.

आणि आता ज्या गोष्टीसाठी एवढा इतिहास सांगितला, तिच्याकडे येतो. नव्या वसाहतींतल्या घरांना भूकंपासाठीचे आडवे पट्टे घातलेले होते. वर्षे गेली, मुले मोठी झाली, सुना आल्या. घर अपुरे पडू लागले. मग कडेला एक खोली काढली, पुढे पडवी वाढवली, न्हाणीघर बांधले, जनावरांसाठी गोठा उभा केला. काम लहान, त्याला अभियंता कशाला, नकाशा कशाला? विटा आणल्या, पाहुण्यातला गवंडी बोलावला, आठ दिवसांत भिंत उभी. पट्टा नाही, कोपऱ्यात सळई नाही, जुन्या भिंतीशी नवी भिंत नुसती टेकलेली. वर पत्रे, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले दगड. सरकारने बांधलेला भाग नियमाप्रमाणे आणि घरधन्याने वाढवलेला भाग जुन्या सवयीप्रमाणे, असे जोडघर त्या गावांत पाहणाऱ्यांना दिसले आहे. किल्लारीपुरते हे नाही. तुमच्या गावातही गेल्या दोन वर्षांत कुणीतरी अशी एक खोली वाढवली असेलच. बघा एकदा जाऊन.

"इतकी वर्षं काही झालं नाही, एका खोलीनं काय होतंय?" हे वाक्य ऐकू येईल. १९९२ च्या आधी किल्लारीतल्या जाणत्या माणसांना विचारले असते तर त्यांनीही हेच सांगितले असते, आणि ते खरेही होते; त्यांच्या आजोबांच्या आठवणीतही तिथे मोठा भूकंप झालेला नव्हता.

आडवा पट्टा म्हणजे काय, हे पुष्कळदा विचारले जाते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. पाटे वेगवेगळे, पण धाव चढली की चाक एक होते. घराच्या चार भिंतींना दारा-खिडक्यांच्या डोक्याशी सलग फिरणारी अशीच एक धाव म्हणजे हा पट्टा: तीन इंच जाडीचे काँक्रीट, आत दोन सळ्या, कोपऱ्यात न तोडता वळवलेल्या. दहा-बाय-दहाच्या खोलीच्या चार भिंती मिळून चाळीस फूट होतात. दोन सळ्या म्हणजे ऐंशी फूट लोखंड, वळणाला आणि जोडाला थोडे अधिक. भिंत चौकटीच्या उंचीला आली त्या दिवशी हे लोखंड जागेवर असावे लागते. गवंडी मात्र त्या दिवशी थांबत नाही. सळई आली नसेल तर तो पुढचा थर लावून मोकळा होतो. म्हणून विटांची गाडी सांगाल त्याच दिवशी सळईही सांगून ठेवा.